पहिल्या हाकेला

५ जानेवारी, सोमवार

पोहोचले. नेरळहून रिक्षा, पोशीर मागे पडल्यावर वालाच्या शेतांमधला कच्चा रस्ता, आणि त्याच्या टोकाला हे घर. तीन खोल्या, लांब ओटी, मागे विहीर, तिच्यापलीकडे शेत आणि टेकडी. खालापूरहून फळा आणि गाद्या घेऊन टेंपो माझ्याआधीच आला होता, आणि मोतीबाईंनी गाद्या उन्हात टाकल्याही होत्या. मोतीबाई गावातल्या, स्वयंपाक आणि घर त्या बघणार. माझी बॅग उचलून त्यांनी विचारलं, प्राचीताय, जर्मनीवरनं दगड आनलंस का गं? आत ध्वनिमापक होता.

माझा जन्म स्टुटगार्टचा. आईने घरात मराठीशिवाय काही चालू दिलं नाही, तरी पासपोर्ट बघितला तर हा माझा परदेशच. नऊ वर्षं सभागृहांच्या ध्वनिरचनेचं काम केलं, ते सोडून परदेशातून येणाऱ्यांसाठी निवासी मराठी वर्ग काढते आहे. तीन आठवडे फक्त मराठी. फोन दिवसभर कपाटात, कुलपात. पहिल्या तुकडीत दोघी. आज आनंदात आहे. असं मी सहसा लिहीत नाही.

७ जानेवारी, बुधवार

दोघी आल्या. हर्षला रॉटरडॅममध्ये नर्स आहे. आईवडील मराठी, तिला सगळं समजतं, पण बोलत नाही. लेना माझ्याच शहरातली, चष्मे बनवते. तिची सासू पेणची. तिच्याशी तिच्या भाषेत भांडता यायला हवं, एवढंच मागणं. लाजाळू आहे. एक वाक्य जुळवायला अकरा सेकंद घेते.

म्हणून पहिला नियम हा: हाक एकदाच मारायची, आणि ऐकताच ओ द्यायची. थबकणं हाच मोठेपणी भाषा शिकणाऱ्यांचा आजार.

मोतीबाईंना हे पटलं नाही. हितं पयल्या हाकेला ओ द्यायची नाय, म्हणाल्या. जित्या मानसाला गरज असती, तो तीनदा वरडतो. ते एकदाच बोलवतं. ते म्हणजे कोण, असं मी विचारलं, तर भांडी उचलून आत गेल्या.

८ जानेवारी, गुरुवार

दुपारी मागच्या दारी सराव. ओ टेकडीवरून स्वच्छ परत येते. सवयीने मोजली: २.४ सेकंद, म्हणजे टेकडीचा कडा ४१४ मीटरवर. नकाशाही तेच सांगतो. ध्वनिमुद्रणावरून मोजलं, दोघींनी मिळून १४० वेळा ओ दिली. लेना आता थबकत नाही. मोतीबाई म्हणाल्या, हिची भाकर अजून नकाशावानी होते, पन ओ मातर आमच्या रेड्यापरास मोठी. लेना खळखळून हसली. म्हणजे तिला समजलं. याचसाठी मी इथे आले.

९ जानेवारी, शुक्रवार

सरावाआधी टाळी वाजवून मोजलं. १.८ सेकंद. ३१० मीटर.

यंत्र तपासलं. ठीक आहे. तापमान कालचंच, वारा नाही. टेकडी जागेवर आहे. आवाज तिच्या अलीकडे कशावर तरी आपटून परत येतोय. तिथे वालाचं शेत आहे, गुडघाभर उंच. बाकी काही दिसत नाही.

सराव ठरल्याप्रमाणे केला. पुन्हा १४०.

१० जानेवारी, शनिवार

१.२ सेकंद. २०७ मीटर.

दोन दिवसांत २०७ मीटर. दोन दिवसांत २८० वेळा ओ. भागाकार केला: एका ओमागे ०.७४ मीटर.

चालणाऱ्या माणसाचं एक पाऊल तेवढं असतं.

सराव बंद केला. मोतीबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दोष दिला नाही. मागच्या दाराला कडी घातली आणि म्हणाल्या, ताय, आता कोनी कोनाला नावानं बोलवायचं नाय.

११ जानेवारी, रविवार

भरदुपारी लेना ओ देत न्हाणीतून बाहेर आली. मी हाक मारली, असं तिचं म्हणणं. माझाच आवाज होता म्हणाली. मी मारली नव्हती. हर्षलानेही नाही.

दिवसभरात नऊ वेळा असं झालं. ती तोंडावर हात दाबून धरते, तरी ओ बाहेर पडते. थबकायचं नाही, हे मीच तिला शिकवलं.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी टाळी. ०.६. १०३ मीटर.

म्हणजे काल १४०. मी नऊच ऐकल्या होत्या.

वर्ग बंद. दोघींना परत पाठवते. गाडी तीनला येईल.

२.४० — लेना खोलीत नाही. चपला ओटीवर. फोन कपाटात.

३.१० — हर्षलाला गाडीत बसवून दिलं. मोतीबाई माणसं आणायला गावात गेल्या. जाताना बजावून गेल्या: तीनदा आल्याबिगर ओ नाय. लेनाला टाकून मी जाणार नाही. ती माझ्या भरवशावर इथे —

३.२५ — टाळी. ०.१. सतरा मीटर. विहीर तेवढ्यावरच आहे.

३.३० — हाक आली. विहिरीकडून. प्राचीताई. लेनाचा आवाज.

एकदाच.

थांबले. दुसरी नाही.

तीनदा आली तर जितं माणूस. पण लेना एकदाच मारणार. विहिरीत पडली असेल, हात मोडला असेल, तरी एकदाच. तिला तसं मीच — आता कळायचं कसं —

३.३४ — दुसरी नाही.

सतरा मीटर म्हणजे तेवीस पावलं. मी एक ओ दिली तर एकच पाऊल. बावीस उरतात. लेना असेल तर ती बोलेल. हिशोब बरोबर आहे. एकच —

दिली.

लेना नाही.

पुन्हा हाक. आता माझ्या आवाजात. ओ. मी नाही दिली, ती आपोआप — एकवीस. वीस. तोंडात ओढणी कोंबली. तरी — सतरा —

रस्त्यावर माणसं. मोतीबाई पुढे. त्या हाका मारतायत. प्राचीताय. पुन्हा. पुन्हा. तीनदा. त्यांना ओ द्यायचीय, पण तोंड मोकळं होत नाही — अकरा — दहा — मागच्या दाराची पायरी वाज— सहा — त्यांना सांगायचंय घरात येऊ न— चार — कडी आतून आपोआप सरक