निगेटिव्हवरचा रवा

परळी वैजनाथ

प्रिय उत्तरेश्वर,

मी सुट्टीत वसतिगृहातून घरी आले, की तू माझ्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसून बोरं खायचास आणि बिया हळूच ट्रंकेत टाकायचास. पुढे वर्गात माझ्या वहीतून बी घरंगळली, की सिस्टर भुवया उंचवायच्या, आणि मला मात्र हसू यायचं.

हल्ली मी एका नव्या नादाला लागलेय. अप्पांच्या कपाटात, त्यांच्या रेल्वेच्या टोपीखाली, निगेटिव्हचा एक रोल सापडला. बहुधा कधी छापलाच नव्हता. सूनबाई सायलीने तो स्कॅन करून संगणकावर घालून दिला आणि म्हणाली, "आई, आता तुम्ही आणि तुमचे फोटो. मला हाका मारायच्या नाहीत."

उघडलं तर सगळीकडे रवा सांडलेला. फोटो संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडातले, त्यात फिल्मचे दाणे, वर स्कॅनरने घातलेली भर. अंगणात कोणी बाई बसलीय, मांडीवर गाठोडं आहे, एवढंच कळत होतं. दाणे कमी करायची एक पट्टी असते, ती मी पार टोकाला ओढली. बाई दिसली. आईच! पण हनुवटीवरचं गोंदण गेलं, गाल मेणाचे झाले. यंत्राला गोंदण काय नि दाणा काय, सारखंच. पट्टी मागे घेतली तर गोंदण आलं आणि रवाही आला. मग रोज तोच खेळ. किती पुसलं म्हणजे आई शिल्लक राहते?

अशातच गाठोड्याला मूठ फुटली. म्हटलं, यंत्राने मनानेच काढली असेल. पण अप्पांनी लागोपाठ तीन फोटो घेतले होते. दाणे प्रत्येक फोटोत वेगळे पडतात, खरं असेल ते तिन्हींत दिसतं. तिन्ही शेजारी लावले. पहिल्यात मूठ मिटलेली, दुसऱ्यात उघडलेली, तिसऱ्यात तिने आईचं डोरलं धरलंय. आई हसतेय.

आधी वाटलं, हे बाळ मीच. मग मागचं आभाळ साफ केलं, तर भिंतीवरून वीज केंद्राची चिमणी वर आली. मी मांडीवर होते तेव्हा परळीत कुठली चिमणी? ती उभी राहिली तेव्हा मी वसतिगृहात होते. ते बाळ तू आहेस, उत्तरेश्वर.

तू जन्मलास आणि त्याच घटकेला आई गेली, असंच आपण दोघं मानत आलो. तू झाल्याचं मला वसतिगृहात कोणी कळवलंच नव्हतं; एकदम तार आली, पोचले तर सगळं आटोपलेलं, आणि बाया म्हणत होत्या, "पोरगं आलं अन् माय गेली." बारा वर्षांच्या मला त्याचा एकच अर्थ कळला. अप्पा तिचं श्राद्ध सर्वपित्रीला घालायचे, त्यामुळे तिथी कधी निघाली नाही. आळीतली पोरं मात्र तुला 'माय खाल्लेला' म्हणायची, आणि तू ते खरं मानलंस.

परवा फोटो घेऊन चौसाळ्याला वच्छलामावशीकडे गेले. तिने तो डोळ्याला चिकटवूनच धरला. "आगं, हे तर बारशाचं हाय. कुंची म्याच शिवलती. माय तुमची म्हैनाभर चांगली हिंडत व्हती. मंग तापाची साथ आली, त्यात गेली. बाळंतपनाचं काय बी न्हाई." मग आम्हाला कोणी सांगितलं का नाही, म्हटलं, तर माझ्यावरच खेकसली, "तुमी इचारलं कवा? सायबिनीच्या शाळंत गेलतीस, तोंड न्हवतं व्हय तुला?"

फोनवर सांगितलं असतं तर तू विषय बदलला असतास, म्हणून हे पत्र. काल संस्कृती फोनवर रडत होती. रविवारी तुझ्याच घरी तिच्या लेकीचं बारसं, आणि तू बीड सोडून शेतावर निघालायस. अजून एकदाही बाळाला हातात घेतलं नाहीस. "आत्या, बाबांना मुलगी झालेली आवडली नाही का गं?" असं विचारत होती पोर. तिला काय माहीत, तू स्वतःच्याच हातांना भितोस.

शनिवारी मी येतेय. थोडे दाणे राहू देऊन फोटो छापून घेतलेत. डोरलं धरलेला तुझा. उघड्या मुठीचा संस्कृतीचा. पहिला मावशीला पोचव, त्यात तिची कुंची नीट दिसते. निगेटिव्ह कोरड्या डब्यात बाळाच्या नावाने ठेव. आणि पाळण्यात घालायच्या आधी बाळ कोणाकडे द्यायचं, तेही संस्कृतीला सांगून ठेवलंय. तिच्या बाबांकडे.

तुझीच,
मंगलअक्का