व्याह्यांची गाडी

धार,
सोमवार, ५ मे २०२५

ती. सौ. ताईंस,

धाकट्या जगदेवचा साष्टांग नमस्कार. ती. दाजींनाही सांगावा. इकडे मी आणि उमा ठीक आहोत. ऊन फार आहे.

जानेवारीतल्या ज्या रविवारी मी जयसिंगरावांकडे, माझ्या अनन्याच्या सासरी, गाडी बघायला गेलो, त्या सकाळी पूजा अर्धीच करून निघालो होतो. जुनी गाडी बघायची तर इंजिन गार असताना बघावी. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्या सेल्फला कशी उठते, यावरून तिचं निम्मं कळतं. खात्याची जीप चालवायला लागून मला बावीस वर्षं झाली, एवढं मला येतं. म्हणून तर तुमचा अनीश म्हणाला होता, “मामा, आप देख लो बस. आप हाँ बोलोगे तो हाँ.” बारा वर्षांची पांढरी सेडान होती. दाजींना आठवड्यातून दोनदा देवासहून इंदूरला डायलिसिसला न्यायचं आणि येताना त्यांना मागच्या सीटवर आडवं होता यावं, एवढंच तुमचं मागणं होतं.

मी पोहोचलो तेव्हा बॉनेट कोमट होतं. “थंडी आहे व्याही, म्हणून जरा सुरू करून ठेवली,” जयसिंगराव म्हणाले. मी बरं म्हणालो. टायर पाहिले. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून पाहिला. गडकालिकेच्या देवळापर्यंत चालवून आणली. मग तुम्हाला फोन करून सांगितलं की गाडी चांगली आहे, घ्या.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. जे माहीत नाही ते लिहायला बसलो आहे आणि सकाळपासून टायरांपाशीच अडकलो आहे. फोनवर तीनदा बोलायला घेतलं आणि तिन्ही वेळा दाजींच्या तब्येतीचं विचारून फोन ठेवून दिला. अनीशला माझं मराठी अक्षर लागत नाही, तेव्हा हे पत्र त्याला तुम्हालाच वाचून दाखवावं लागेल. आधी एकट्या वाचा.

एप्रिलच्या त्या दुपारी क्षिप्रेच्या अलीकडे गाडी बंद पडली, काचा उतरेनात, दारं उघडेनात. अनीशनं आतून लाथा मारून काच फोडली आणि दाजींना ओढून बाहेर काढलं. ते शुद्धीवर नव्हते. मी संध्याकाळी देवासला दवाखान्यात आलो तेव्हा अनीशच्या पायाला पट्टी होती आणि तो दाराशी उभा होता. मेकॅनिकचा निरोप त्यानंच सांगितला, “वो बोला, भिया, वायरिंग सड़ गई है. पानी लगा है.”

दाजी पडल्या पडल्या म्हणाले, “लागणारच. दर रविवारी नवरीसारखी न्हाऊ घालतो ना तिला. धुवून धुवून सडवली.”

“इंजन पे कभी पानी नहीं मारा, बाबा. कसम से.”

“मग काय आकाशातून पडलं?”

आणि ताई, तुम्ही म्हणालात, “जगूनं पारखून दिलेली गाडी, आणि यानं तीन महिन्यांत वाट लावली.” अनीशनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, मामा गाड्यांतलं जाणतो, मामा काही बोलेल. मी दाजींच्या पायांवरची चादर सारखी केली.  आता अनीश त्यांना बसनं नेतो आणि जाता-येता दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, हे तुम्हीच मला फोनवर सांगितलंत. मी ऐकून घेतलं.

पुढं कधी अनीश गाडी बघायला गेला तर त्याला एवढं सांगा. बॉनेटवर आधी हात ठेवायचा. कोमट लागलं तर चहा न घेता परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जायचं. तेलाचं झाकण उघडून आतल्या बाजूला दुधाळ साय दिसते का पाहायचं. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत बोट फिरवायचं, तिथं वाळलेला गाळ लागला तर तो रस्त्यावरची धूळ नव्हे. पायातली मॅट काढून, वाकून वास घ्यायचा. लाज वाटू द्यायची नाही. हेडलाइटच्या काचेला आतून घाम धरलाय का बघायचं. काचा चारही, वर-खाली, दोनदा. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा. विकणारे गाडी धुतात, सीटा धुतात, पण पट्टा पूर्ण बाहेर काढून कोणी धूत नाही. गाडी पाण्यात उभी राहिलेली असली तर त्यावर गढूळ पाण्याची आडवी रेघ राहते.

ताई, मी पट्टा ओढला होता.

रेघ होती. सीटच्या उंचीइतकी. तिच्याखाली पट्टा मातकट आणि वर काळाभोर. मी अंगठ्यानं घासून पाहिली, गेली नाही. जयसिंगराव मागंच उभे होते. म्हणाले, “तोडता की काय व्याही? गाडी विकायची आहे, म्हैस नाही बांधायची.” त्यांचा भाऊ हसला. मीही हसलो असेन.

तेवढ्यात अनन्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं आणि ती पायरीवरच थांबली. पावसाळ्यात त्यांच्या मागच्या अंगणात नाल्याचं पाणी शिरलं होतं, हे तिला माहीत होतं. आता मलाही कळलं, आणि मला कळलं हे तिला कळलं.

मुलीच्या घरी, तिला मूल होईपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही आपल्या वडिलांची रीत. तुमच्या घरी ते कसे दारातूनच परतायचे, तुम्हाला आठवत असेल. मीही अनन्याकडे कधी घोट घेतला नव्हता. त्या सकाळी मी कप घेतला. दोन्ही हातांनी घेतला, म्हणजे पट्टा सोडावाच लागला. तो सरसर आत गेला. जयसिंगराव खूश झाले. “आज व्याह्यांनी नेम मोडला. म्हणजे गाडी पसंत.”

मी हो म्हणालो.

नाही म्हणायला एखादं खोटं कारण चाललं असतं. अनीशला रंग आवडला नाही, एवढंही पुरलं असतं. पण जयसिंगरावांनी दोनदा का, का विचारलं असतं, आणि मग घरात कोणी काय सांगितलं याची चौकशी अनन्यापाशी जाऊन थांबली असती. मी वायरिंग आता वाळलं असेल असं स्वतःला सांगितलं आणि ती गाडी चालवत देवासला आणली. देवीच्या टेकडीखाली उभी करून तिला हळदकुंकू वाहिलं, चारही चाकांना पाणी सोडलं, नारळ फोडला. तुम्ही शेजारी हात जोडून उभ्या होतात. तेव्हापासून रोज देवापुढं बसतो, पण स्तोत्र म्हणून झालं की उठतो. मागायचं असतं ते ओठांवर येत नाही.

दवाखान्यातून आल्यावर अनन्याला फोन केला, की आता मी ताईला सांगणार.  ती म्हणाली, “बाबा, आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. साठ बायका येणार. ते तरी होऊ द्या.” ते झालं. मग म्हणाली, अक्षय तृतीया होऊ द्या. मी थांबलो. तिला दोष देऊ नका. ती थांबा म्हणत होती आणि मला थांबायला बरं वाटत होतं.

शुक्रवारी अनीशचा फोन आला. गाडी दुरुस्त झाली, सोनकच्छचे विश्वासराव घेतायत, ते मला फोन करतील. “मामा, आप बस इतना बोल देना कि मैंने चेक की थी. आपके नाम पे ही ले रहे हैं. फिर बाबा के लिए दूसरी देखेंगे.” किती दिवसांनी त्याचा आवाज मोकळा ऐकला. मी म्हणालो, बरं.

शनिवारी जयसिंगरावांकडे गेलो. हात जोडून म्हणालो, गाडी परत घ्या, ती पाण्यात होती. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “बघून तर तुम्हीच घेतलीत ना व्याही? गुरुजी पास करून गेले, आता पेपर पुन्हा तपासा म्हणता.”  मी ओट्यावर थोडा वेळ बसून राहिलो. अनन्या बाहेर आली नाही. आत तिच्या सासूचा आवाज येत होता, तिचा नाही. निघताना दाराकडे पाहिलं, पडदा हलला नाही. तिचं आता तिथं काय होईल, मला कळत नाही. फोन उचलत नाही ती.

काल सकाळी मी देवापुढं असताना विश्वासरावांचा फोन आला. सभ्य माणूस वाटला. म्हणाले, “तुमच्या भाच्यानं सगळं सांगितलं. वायरिंग बदललंय म्हणतो, गाडी जास्त धुतली हेही स्वतःहून कबूल केलं पोरानं. माझ्या आईला महिन्यातून एकदा भोपाळला न्यावं लागतं, तेवढ्यासाठी घेतोय. तुम्ही हो म्हणा, मी मेकॅनिक आणत नाही.”

स्वतःहून कबूल केलं, ताई. न केलेलं.

मी म्हणालो, “घेऊ नका. ती गाडी पाण्यात बुडालेली आहे. भाच्यानं काही केलं नाही. मला जानेवारीपासून माहीत आहे.”

 त्यांनी विचारलं, “भाच्याला माहीत आहे?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगता? आधी त्याला सांगा,” म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हा विश्वासराव येणार नाहीत. अनीश त्यांची वाट पाहत असेल, त्याला सांगा की सौदा मी मोडला. हे वाचून दाखवाल तेव्हा दाजींनाही समोर बसवा, आणि गाडीत पुन्हा कोणाला बसू देऊ नका.

तुम्ही ज्याच्या शब्दावर गाडी घेतलीत तो,
जगदेव