लाखोळीचं पानी

आत्याबाई, नाही लंगडत तो. धड चालते, सायकल हानते, आता तर बायकोच्या पुढं पुढं धावते. पहिले नातवाचंच विचारान, हे ठाऊकच होतं मले. सून मेली का जिती, ते मंग.

आपन दीक्षा घेऊन आलो अन् मेलेली ढोरं ओढनं बंद केलं, त्या सालची गोष्ट. मालकानं मजुरीतली ज्वारी बंद केली, लाखोळीची डाळ देऊ लागला. रोज लाखोळी खाल्ली का पाय अखडतात, हे साऱ्यायले ठाऊक. खालच्या वस्तीतला एक गडी काठीवर आला होता. तुमचा नातू तवा नुकता भिंत धरून उभा राहू लागलेला, अन् माह्या आंगावर दूध नाही. तुम्ही म्हनल्या, कच्ची डाळ पोट्ट्याच्या तोंडात जाऊ द्याची नाही, आंबवूनच द्याची. अजून दिसते मले. तुम्ही गरम पान्यात डाळ भिजू घालता, पानी निथळून पाट्यावर वाटता, कालच्या आंबट पिठाचा गोळा त्यात कालवता अन् गाडगं गोधडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवता. मी चिडवाले म्हनते, "आत्याबाई, बाळंतीन आहे का हे गाडगं?"

"हो. तुह्यापेक्षा गुनाची आहे, तोंड चालवत नाही."

सकाळी पीठ फुगून वर येते. त्याच्या वाफवलेल्या वड्या पोट्टं गपागपा खाते, अन् त्याले पचते.

निथळलेलं पानी मात्र तुम्ही फेकू देत नव्हत्या. मीठ-मिरची टाकून उकळाच्या अन् वाटी तोंडाले लावाच्या. वड्या आमाले, पानी तुमाले. उन्हाळ्यात तुमचे गुडघे अखडले, मंग टाचा टेकेनात, मंग खाटेवरून उठनंच गेलं. गावातले म्हनत, धरम सोडला म्हनून देवानं पाय नेले. तुम्ही पडल्या पडल्या म्हनल्या, "त्याले माहे पाय कायले पाहिजे, स्वताचे नाहीत का?" त्याच खाटेवर गेल्या तुम्ही.

लय सालानं बाभुळगावच्या दवाखान्यात एका डॉक्टरबाईले मी हे सांगितलं. ते म्हने, आंबवल्यानं डाळ पोट्ट्याच्या अंगी लागली, पन जहर उतरलं होतं त्या भिजवलेल्या पान्यात.

हे पत्र तुमाले पोचत नाही, अन् नातवाले वाचून दाखवाची माही हिंमत नाही. तुम्ही वाटी तोंडाले लावत, तवा मले वाटे, डाळीचा सारा कस बुढी एकटीच पिऊन राह्यली. तुम्ही खाटेवर पडल्या त्या दिवशी मी मनात म्हनलं, बरं झालं.