बांगडी फुटते, वाढत नाही

३ एप्रिल, सकाळी ९
संकल्प. आजपासून माजलगावच्या 'तन्वीर बँगल्स'मध्ये फिक्स रेट. अम्मी तीस वर्षं पेटी घेऊन गावोगाव बांगड्या भरत फिरते. अर्धा तास बांगड्या, दीड तास गप्पा. याला बिझनेस म्हणत नाहीत. मी काच, एलईडी, फिरती खुर्ची, सगळं केलंय. फक्त गिऱ्हाईक बाकी.

५ एप्रिल
गाळामालक शहादेवअण्णा येऊन गेले. लग्नसराईत गर्दी दिसली न्हाई तर जूनपासून गाळा जावयाला, म्हणाले. मी हसलो. ते गेल्यावर दोन प्लेट भजी खाल्ली, भूक लागली असावी.

१४ एप्रिल
एक बाई आली. एकच! बांगड्या भरून झाल्या की अम्मी वरची एक फुकट भरते, आशीर्वादाची. मी ती पद्धत बंद केलीय. बाईंनी हात तसाच पुढं धरून ठेवला. मी हातात बिल दिलं.

१९ एप्रिल
अल्लाचा करम! तेलगावच्या कौशल्याबाई आल्या. लेक करिष्माचं लग्न. नवरी आणि भावकीतल्या पंचवीस बायकांना हिरवा चुडा भरायचाय. म्हटलं, इथंच आणा, एसी आहे. (कूलर आहे.) अम्मी मदतीला येते म्हणाली. नको म्हटलं.

२६ एप्रिल
झोप नाही. मोबाइल कव्हर बुडाले, चहाची फ्रँचायझी बुडाली. हे गेलं तर मी कुठं जाऊ? लई भीती वाटते. म्हणजे एक्साइटमेंट.

१ मे, दुपारी ३
कार्यक्रम उरकला. लवकरच उरकला. करिष्मानं हात सैल सोडला नाही, मी थोडा जोर लावला, बांगडीचे दोन तुकडे. गिऱ्हाईकाशी खरं बोलावं हे माझं तत्त्व. म्हटलं, काही नाही, फुटली, दुसरी भरतो.
कौशल्याबाई उठल्या. "नवरीच्या हातातली बांगडी फुटत न्हाई, तन्वीरभाई, वाढती. रहेमतबीच्या लेकाला हे आमी शिकवायचं?"
काच वाढत नसते, हे मी सायन्सच्या आधारे समजावलं. तेवढं बहुतेक नको होतं. पंचवीसच्या पंचवीस गेल्या. कूलर चालू.

२ मे
माफी मागायला तेलगावला गेलो. ओसरीवर बायकाच बायका, मधोमध अम्मी. करिष्माचा हात तिच्या हातात. चुडा भरून झाल्यावर पोरगी तिच्या पाया पडली. माझ्याकडं कुणी बघेना. अम्मीच्या शेजारी माझी बायको सहर, कोपरापर्यंत नव्या बांगड्या. घरचं दुकान सोडून इथं कशाला, विचारलं. हळूच म्हणाली, "तुमारे हात से डर लगता."
बाहेर येऊन रडलो. ऊन लई होतं.

३१ मे
जावई गाळ्याचं माप घेऊन गेला. एलईडी त्याला आवडले.
नवा प्लॅन. अम्मीचे गुडघे दुखतात, तेव्हा उद्यापासून गावोगावचं डिस्ट्रिब्युशन माझ्याकडं. अम्मीची पेटी, माझ्या डोक्यावरून. अम्मीची अट एकच: बायकांसमोर तोंड उघडायचं नाही.