कंप्युटरातल्या भाडेकरूंची चौकशी

चि. शहबाज यास,

बिरवाडीहून महमूदमामूचा सलाम आणि पुष्कळ दुवा. तुझ्या मामीचा गुडघा सोडल्यास इकडे सगळे खुशाल. पुण्यात तुझी नोकरी आणि पोट दोन्ही ठीक असावीत. (फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनही घरातल्या त्याच वायफायवर आहे आणि सध्या माझा वायफायवर भरवसा नाही.)

तू ईदला येऊन कंप्युटर बसवलास, ओटीवर कॅमेरा लावलास, तेव्हापासून आमचा उझैर मस्कतला बसून रोज आपली आई बघतो. पोरगं घरी येत नाही, तेव्हा एवढं तरी. त्यात शेजारच्या राजेंद्रभाऊंनी (पोलादपूरच्या कचेरीत कारकून होते ते) सांगितलं, की हल्ली कंप्युटरात अनोळखी प्रोग्राम गुपचूप शिरतात आणि घरातलं सगळं बघतात. "तीन बटणं एकदम दाबा, आत कोण कोण हाय ते दिसतंय," ते म्हणाले. दाबली, आणि माझे डोळे पांढरे झाले.

मी कंपनीतल्या कामगारांना खोल्या देणारा माणूस. आधार कार्ड आणि कुणाची तरी ओळख असल्याशिवाय कुणाला आत घेत नाही. इथे एकाच नावाचे कितीतरी जण दाटीवाटीने राहत होते. एक रनटाइम ब्रोकर होता (मी दलालामार्फत आजवर खोली दिलेली नाही). आणि एक आयडल (म्हणजे रिकामटेकडा), ज्याच्यापुढे अठ्ठ्याण्णव टक्के लिहिलेलं. म्हणजे काही न करता जवळजवळ अख्खा कंप्युटर यानेच अडवलेला. त्याला काढणार होतो, पण म्हटलं रात्रपाळीवाला असेल. दिवसा झोपतो म्हणून बिरवाडीत आपण कुणाला चोर म्हणत नाही. (शिवाय तो निघेचना.)

खोलीत खरंच कोण राहतं हे बघायला मी काय करतो, तुला ठाऊक आहे. टाकीचा कॉक बंद करतो. राहणारा असेल तर बादली घेऊन दारात येतो, कुणीच आलं नाही तर खोली नुसतीच अडवलेली. तेच इथे केलं. पहिल्याला बंद केलं तर पडद्यावरची सगळी चित्रं गायब, म्हणजे तो खरा. दुसऱ्याला केलं तर आवाज गेला, तोही खरा. मग एक लांबलचक इंग्रजी नावाचा भेटला. त्याला बंद केलं तर काहीच झालं नाही. "हाच तो. मुळासकट काढा," राजेंद्रभाऊ म्हणाले. काढला, आणि दोघांनी चहा घेतला.

संध्याकाळी बादली मस्कतहून आली. "अब्बा, ओटी दिसत नाय," उझैर म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं की आंबेनळी घाटात तारांवर झाड पडलंय, लाईट नाय, आणि अम्मीपाशी हा विषय काढू नकोस, उगाच तिचा जीव खालीवर होईल. आता तो रोज मलाच विचारतो, लाईट आली का. इतके दिवस सगळा महाड तालुका मी एकट्याने अंधारात ठेवलाय. आणि तो बघतो स्वतःच्या मोबाइलवर, मग माझ्या कंप्युटरात त्याचा माणूस कशाला राहत होता, हे मला अजून उमगलेलं नाही.

तुझा गोंधळलेला,
महमूदमामू

ता.क. आयडलला तूर्त राहू दिलंय. त्याचं काय करायचं ते कळव.

आणखी ता.क. खरं काम हे, की रविवारी येऊन त्या लांब नावाच्याला परत बसव. मामीला म्हण, सहज आलो. उझैर कॅमेऱ्यात बघून तिला फोन करायचा, "अम्मी, वाळवणात कोंबडी शिरली." ती कोंबडी हाकलायची आणि मग बराच वेळ त्याच्याशी बोलत बसायची. आता त्याचा फोन येतो, पण कोंबडीचं नाव नाही. परवा मला म्हणाली, "पोरगा आता बघत नाय. कंटाळला असंल." खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही. काल तिने स्वतःच्या हाताने कोंबडी उचलून वाळवणात सोडली, आणि फोन मांडीवर घेऊन कॅमेऱ्याकडे बघत बसली.