निबंध ‘ब’ला मिळालेल्या एकोणीस गुणांबाबत

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
ऑनलाइन अभ्यासक्रम विभाग,
महाविद्यालयाची मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : ‘चिकित्सक विचार व लेखन’ अभ्यासक्रमातील स्वाध्याय क्र. ५, निबंध ‘अ’ यास मिळालेल्या अकरा गुणांचा सोमवारपूर्वी फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या संकेतस्थळावर जाहीर झालेला निकाल.
२) मदत कक्षाला मी केलेले तीन दूरध्वनी (पैकी दोन वेळा फक्त संगीत ऐकू आले).

महोदय,

अर्ज लांबला आहे याची मला जाणीव आहे. संकेतस्थळावर तक्रारीसाठी दोनशे अक्षरांचीच जागा आहे, आणि कारणांच्या यादीत ‘बेरीज चुकली’, ‘पान तपासायचे राहिले’ व ‘इतर’ एवढेच पर्याय आहेत. माझी बेरीज बरोबर आहे आणि पाने सगळी तपासली आहेत. ‘इतर’मध्ये जे आहे ते दोनशे अक्षरांत बसत नाही, म्हणून कागदावर लिहून आणून देत आहे.

१. मी चष्म्याच्या काचा घासून चौकटीत बसविण्याच्या कार्यशाळेत अठरा वर्षे कामाला आहे. पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली तेव्हा मालक म्हणाले, हात चांगला आहे, पण अहवाल लिहिता यायला हवा, कुठलातरी कोर्स कर. त्यानुसार मी आपल्याकडे नाव नोंदविले. वर्ग सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी सात ते साडेआठ. आमचे घर दोन खोल्यांचे आहे. आतल्या खोलीत माझे पती पाळीवरून येऊन झोपलेले असतात, त्यामुळे मी बाहेरच्या खोलीत, वडिलांच्या पलंगाच्या पायथ्याशी छोटे टेबल मांडून वर्गाला बसत असे. इयरफोनची एक बाजू बिघडल्याने आवाज मोठाच ठेवावा लागे.

२. याचा परिणाम असा झाला की आपल्या महाविद्यालयात विद्यार्थी एक नोंदला गेला आणि शिकले दोघे. माझे वडील वय वर्षे एकोणऐंशी. छत्तीस वर्षे त्यांनी छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम केले. पलंगावर उशीला टेकून ते आपल्या अध्यापिका बाईंचे प्रत्येक व्याख्यान पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत व पाठकोऱ्या कागदांवर टिपणे काढत. गृहीतक म्हणजे काय, पूर्वग्रह कसा ओळखावा, भावनिक आवाहन हा पुरावा का नव्हे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले येते. तिसऱ्या आठवड्यात भाजीवाल्याला ते म्हणाले, “ताजी आहे म्हणतोस, पण हा दावा झाला. आधार काय?” तो भाजीवाला आता आमच्या दारात थांबत नाही. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. माझ्या पहिल्या चारही स्वाध्यायांवर वडिलांनी लाल पेन चालवून मगच मला ते पाठवू दिले. मजकुरात ते ढवळाढवळ करीत नाहीत. लिहिणाऱ्याचे म्हणणे लिहिणाऱ्याचे, आपण फक्त चुका काढायच्या, असा त्यांचा नियम आहे.

३. स्वाध्याय क्र. ५ असा होता : आपल्या घरातील एका खऱ्या प्रश्नावर दोन निबंध लिहा. ‘अ’ एका बाजूने, ‘ब’ विरुद्ध बाजूने, दोन्ही सारख्याच ताकदीने. बाईंनी बजावले होते की प्रश्न खरा हवा, पुस्तकी नको. मी प्रश्न निवडला, ‘वृद्ध वडिलांना घरी ठेवावे की वृद्धनिवासात?’ (नंतर घातलेली ओळ : तो का निवडला याविषयी परिच्छेद ७ पाहावा.)

४. निबंध ‘ब’मध्ये, म्हणजे त्यांनी वृद्धनिवासात जावे या बाजूने, मी एक तक्ता दिला होता. चार महिन्यांत गॅस किती वेळा सुरू राहिला (तीन), न्हाणीघरात किती वेळा पडले (दोन), मी कामावरून किती वेळा धावत घरी आले (सात), तारखांसह. निबंध ‘अ’मध्ये तक्ता नव्हता. तिथे मी आपुलकी, घराची सवय, आयुष्यभराचे ऋण वगैरे लिहिले होते. दोन्ही निबंध नेहमीप्रमाणे वडिलांकडे गेले. मी म्हटले, “बाबा, हा नुसता अभ्यास आहे हं.” ते म्हणाले, “कळतं मला. पेन दे.” अर्ध्या तासाने त्यांनी कागद परत दिले. ‘ब’च्या तक्त्यात त्यांनी एक दुरुस्ती केली होती. “दुसऱ्यांदा पडलो ते चौदाला नाही, सोळाला. बाकी चोख आहे.”

महोदय, स्वतःच्या पडण्याची तारीख त्यांच्याच विरोधातल्या निबंधात त्यांनी नीट करून दिली, आणि मी ती तशीच टंकून आपल्याला पाठविली. हे लिहिताना मला लाज वाटते.

५. निकाल लागला. ‘ब’ला वीसपैकी एकोणीस. शेरा : “प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेला, प्रामाणिक व निर्विवाद युक्तिवाद.” ‘अ’ला अकरा. शेरा : “भावनिक आवाहनावर भर. पुरावा नाही. लेखिकेला स्वतःच्या म्हणण्याची खात्री वाटत नाही.” मी आनंदाच्या भरात गुण मोठ्याने वाचून दाखविले. पर्यवेक्षकाची जागा आता मिळणार हेच त्या क्षणी माझ्या डोक्यात होते. वडिलांनी दोन्ही शेरे पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, “ज्या बाईंना आपलं नाव ना गाव ठाऊक नाही, त्यांनी दोन्ही बाजू तपासल्या. याहून निःपक्ष काय असणार?”

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना त्यांनी वृद्धनिवासाला फोन केला. त्याच्या पुढच्या दिवशी तिथला माणूस अर्ज घेऊन घरी आला. त्या अर्जात ‘प्रवेश घेण्याचे कारण’ असा रकाना आहे. तिथे वडिलांनी माझ्या निबंध ‘ब’मधला दुसरा परिच्छेद सुवाच्य अक्षरात जसाच्या तसा उतरवून काढला आहे. खाली कंसात ‘परीक्षित’ असे लिहिले आहे.

६. मी गप्प बसले नाही हे नोंद घेण्यासाठी कळविते. मी त्यांना सांगितले की गुण मांडणीला असतात, निर्णयाला नसतात. ते म्हणाले, “तसं निकालात कुठे लिहिलंय?” मी शोधले, लिहिलेले नाही. मी रडले, तर ते खरेच हळुवारपणे माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “हे भावनिक आवाहन झालं, बाळा.” माझ्या पतींना मध्यस्थीला घातले. ते दहा मिनिटांत हात टेकून परत आले आणि म्हणाले, “त्यांचं बरोबर वाटतंय गं.” मदत कक्षातल्या मुलीला मी सारी हकीकत सांगितली. ती म्हणाली, “मॅडम, एकोणीस मिळालेत ना? मग तक्रार कशाची आहे?” तिचाही दोष नाही.

शेवटी मी निबंध ‘अ’ नव्याने लिहायला घेतला आणि त्यांना म्हटले, हा वाचा. त्यांनी कागद हातात घेतला नाही. निकाल लागल्यावर मजकूर बदलत नसतात, म्हणाले. तुझ्या महाविद्यालयाने पुन्हा तपासून दिला तर वाचेन. इकडे त्यांनी पलंगाखालची पेटी काढून पुसली आहे. तीन सदरे, दोन स्वेटर, टिपणांचा गठ्ठा आणि जुना शब्दकोश आत गेला आहे. गॅसला ते आता हात लावत नाहीत. चहा हवा असला तर मी येईपर्यंत थांबतात. थांबलो होतो असे म्हणतसुद्धा नाहीत.

७. इथवर अर्ज लिहिला तेव्हा, अध्यापिका बाईंनी निबंध ‘अ’वर अन्याय केला आणि गुण वाढवून मिळावेत, एवढेच मागायचे माझ्या मनात होते. विषयाची ओळ त्याच वेळची आहे. परंतु अर्जात खोटे लिहू नये म्हणून पुढील बाब स्वतःहून कळविते.

बाईंनी अन्याय केलेला नाही. तो तक्ता मी स्वाध्यायासाठी केला नव्हता. तो कार्यशाळेतल्या माझ्या खणात चार महिन्यांपासून होता, आणि प्रत्येक वेळी धावत घरी जाऊन आल्यावर मी त्यात एक ओळ वाढवत असे. कोणाला दाखवायचा होता ते मला तेव्हा माहीत नव्हते. आपला स्वाध्याय आला आणि मला तो मांडायला सभ्य जागा मिळाली. ‘ब’ लिहायला मला तीन संध्याकाळी लागल्या आणि एकही शब्द अडला नाही. ‘अ’ मी शेवटच्या दिवशी, मुदत संपायला वीस मिनिटे असताना उरकला. लेखिकेला खात्री वाटत नाही, हे बाईंनी बरोबर ओळखले. मला वाटते वडिलांनीही ओळखले असावे. छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे लिहिणे वाचलेल्या माणसाला कुठला मजकूर मनापासूनचा आहे ते कळत नसेल असे मी कसे धरून चालले, कोण जाणे. निःपक्ष परीक्षकाचे निमित्त त्यांनी माझ्यासाठी केले असेल. मला अपराधी वाटू नये म्हणून. याला माझ्याकडे पुरावा नाही.

८. तेव्हा फेरविचाराची मागणी मी मागे घेते. त्याऐवजी आपल्या नियमपुस्तिकेतील पुनर्लेखनाच्या तरतुदीनुसार नवा निबंध ‘अ’ सोबत जोडला आहे. त्यात तक्ता नाही. मी दमते, चिडते, त्यांच्यावर ओरडते, आणि ते घरात नसतील ती संध्याकाळ मला डोळ्यांसमोर आणता येत नाही, एवढेच त्यात दीड पानात लिहिले आहे. युक्तिवाद म्हणून तो बहुधा पहिल्यापेक्षाही कच्चा आहे. पुनर्लेखन तपासायला एकवीस दिवस लागतात असे नियमात आहे. माझ्याकडे चार आहेत.

मला गुणांची अपेक्षा नाही. पर्यवेक्षकाची जागा गेली तरी मला चालेल. शून्य द्यावेत, शेरा हवा तेवढा कडक लिहावा. फक्त तो तपासून, आपल्या कार्यालयाचा शिक्का मारून सोमवारी सकाळी नऊपूर्वी माझ्या हाती द्यावा, ही कळकळीची विनंती. मी इमारतीच्या पायरीवर साडेसातपासून उभी राहीन. नऊ वाजता वृद्धनिवासाची गाडी येणार आहे, आणि त्यांनी तो वाचल्याशिवाय गाडीत बसू नये, एवढेच माझे मागणे आहे.

तसदीबद्दल क्षमा असावी.

आपल्या उत्तरावर अवलंबून असलेली,
आपली नम्र विद्यार्थिनी

(सही)
प्रवेश क्र. ४१७, संध्याकाळचा वर्ग
गुरुवार, दुपारी साडेबारा, जेवणाच्या सुट्टीत

सोबत :
१) निबंध ‘अ’ व ‘ब’, शेऱ्यांसह.
२) वृद्धनिवासाच्या प्रवेश अर्जाची प्रत.
३) निबंध ‘अ’, नव्याने लिहिलेला, दीड पान. यातील चुका काढलेल्या नाहीत.