पडद्याची झालर

९ फेब्रुवारी, सोमवार

फेस्टिव्हलच्या बॅनरवर ‘मंडप व खुर्च्या : जानराव, मेहकर’ एवढं नाव यायला खरं काय लागलं, ते लिहून ठेवतो. दोनशे खुर्च्या फुकट, पडदा फुकट, आणि समतासमोर अर्धा तास मधे न बोलता बसणं. तिसरी गोष्ट सगळ्यात जड गेली. (मधे साखरखेर्ड्याच्या ऑर्डरचा फोन आला, तो धरत नाही.)

समता, माझी पोरगी, कॉलेजच्या कॅम्पसवर तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे मार्चनंतर घरी. हा फ्रेंच सिनेमांचा फेस्टिव्हल तिनंच आणला. पुण्याच्या एक मॅडम तिचं काम बघायला येणार, पटलं तर कायमची नोकरी. मी म्हटलं, काळजी सोड. हॉल भरलेला दिसला की साहेबलोक बाकी काही बघत नाहीत. मी नसतो तर या सिनेमांकडे चिटपाखरू फिरकलं नसतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

मोबाइलवर फ्रेंच ऐकलं. सोपी भाषा आहे. वीस वर्षं लग्नांत साउंड लावला. वरबाप मोटारसायकल मागून राह्यला की घड्याळ, हे मला मंडपाबाहेरून नुसत्या सुरावरून कळतं. वंदना म्हणाली, घरातलं मराठी तं ऐकू येत नाही तुमाले, अन् फ्रेंच ऐकून राह्यले! नवऱ्याच्या कानांची किंमत बायकोला नसते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पडदा बांधला. नुसता पांढरा, दुखवट्यासारखा. खालून हातभर लाल मखमली झालर लावली, वर शेवंतीच्या माळा. उघडा पडदा म्हणजे मंडपवाल्याची बेइज्जती. समता पुण्याच्या मॅडमना घ्यायला मलकापूर स्टेशनला गेलेली. उद्या खूश होईल.

१४ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ७

निश्चय : मागच्या रांगेत बसणे. माइकला हात न लावणे. समताला तसा शब्द दिला आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४

बीबी-साखरखेर्ड्याहून तीन गाड्या माणसं. हॉल गच्च. मधल्या वाटेतही खुर्च्या टाकल्या. दहा मिनिटांत चुळबुळ. बीबीचे गुलाबराव ओरडले, जानराव, काय बोलून राह्यले हे लोक? सांग ना बे! नाइलाज झाला. माइकही माझाच. सांगत गेलो : बाप मेला, तिघं भावंडं वावरासाठी भांडतात, मधली सून आग लावते. पडद्यावरची पोरगी कपाट उघडून रडली, तर गुलाबराव म्हणाले, सातबारा सापडला वाटते! हॉल हसून लोळला. समता पलीकडून हातानं ‘वर, वर’ करत होती. आवाज वाढवला.

संध्याकाळी ७

ती ‘झालर वर घ्या’ म्हणत होती. वाट मीच बुजवलेली, तिला पुढे येता आलं नाही.

हॉल रिकामा झाल्यावर तिनं सिनेमा परत लावला आणि झालर उचलून धरली. खाली अक्षरं पळत होती. आपल्या वऱ्हाडीत. तीन महिने बसून तिनं एकेक वाक्य आपल्या बोलीत उतरवलं होतं. मॅडमना तेवढंच बघायचं होतं, आपली माणसं ते वाचून हसतात का. मॅडम पाचलाच निघून गेल्या.

समता ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बाबा, हे मी सोमवारी सांगितलं होतं तुम्हाला.

झालर तशी शोभत होती.

हे वाक्य खोडायचं आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी जाऊन झालर सोडली, वाट मोकळी केली. समता म्हणाली, दुपारच्या खेळाला या, गाड्या नका पाठवू.

शेवटच्या रांगेत बसलो. सिनेमा कालचाच. वाचलं. भांडण वावराचं नाही. बापाचा म्हातारा कुत्रा कोण नेणार, याचं आहे. थोरला म्हणतो, ‘मलेच काऊन सांगता? माह्या घरात जागा हाय का?’

हे वाक्य माझं आहे. आईला कोण ठेवणार असा विषय निघाला तेव्हा भावाला मी असंच म्हटलं होतं, असंच हात झटकून. समता तेव्हा सात वर्षांची. तिनं ऐकलं असेल, हे कधी मनात आलं नाही.

त्या वाक्याला लोक पोट धरून हसले. समतानं ते हसणं मोबाइलवर घेतलं, मॅडमना पाठवणार आहे. बघतील तर बघतील, म्हणाली.

दिवे लागल्यावर माणसं मोजली. सतरा. त्यातलं एकही मी आणलेलं नव्हतं.